चार फिती, एक जाते

पुनरुक्ती हा काव्यदोष आहे, असे साहित्यशास्त्राच्या तासाला आपण दरवर्षी शिकवतो. दोषांची यादी फळ्यावर लिहिताना श्रुतिकटू, ग्राम्य, क्लिष्ट यांच्या पंगतीत तोही बसतो. भामहाने ‘काव्यालंकारा’त त्याला एक अपवाद केला आहे: भय, शोक, असूया, हर्ष आणि विस्मय यांच्या भरात एकच शब्द दोनदा आला, तर तो दोष मानू नये. हा अपवाद परीक्षेत सहसा विचारला जात नाही, त्यामुळे तो तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. गेल्या दोन वर्षांत संगणकाच्या चुंबकीय फितींवरचा एक जुना बॅकअप सोडवून घेण्याच्या खटपटीत या अपवादाकडे मला नव्याने पाहावे लागले. भामहाच्या यादीत नसलेले, पण त्या यादीत सहज बसू शकेल असे पुनरुक्तीचे आणखी एक कारण मला तिथे भेटले. त्याविषयी थोडे लिहावे असे वाटते.

आधी त्या फितींत काय होते ते सांगायला हवे. आंबेगाव हे आज तालुक्याचे नाव आहे. ज्या गावावरून ते पडले ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. नाव कागदोपत्री चालू राहिले आणि नावाखालचे गाव पाण्याखाली गेले, ही गोष्ट आमच्या भागात इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही. १९९९-२००० साली मी एम.ए.ला असताना आमचे सर दोन-तीन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधून आणि पुनर्वसित वस्त्यांमधून हिंडत. एक टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि वही एवढाच सरंजाम. जात्यावरच्या ओव्या, आवणीची भलरी, राब भाजण्यापासून हिरडा गोळा करण्यापर्यंतच्या कामांचे शब्द आणि बुडालेल्या गावांच्या आठवणी असे सुमारे चोवीस तासांचे ध्वनिमुद्रण वर्षभरात जमले.

सरांचे मेहुणे त्या वेळी पुण्यात एका संगणक केंद्रात काम करीत. कॅसेटी टिकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सगळे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घेतले. एका तासाचा एकमार्गी, न आवळलेला आवाज तीनशे मेगाबाइटच्या थोडा वर जातो. चोवीस तासांचे साडेसात गिगाबाइट झाले. त्या काळातल्या हार्ड डिस्कवर एवढी जागा कायमची अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. मग ते सारे दाबून, आवळून, दोन-दोन गिगाबाइटच्या चार छोट्या फितींवर ओळीने लिहिण्यात आले. या फिती चार मिलिमीटर रुंदीच्या, आकाराने आगपेटीहून थोड्या मोठ्या. मूळची ही फीत ध्वनिमुद्रणासाठीच जन्माला आली होती. सोनी आणि एचपी यांनी १९८९ साली तिला संगणकाच्या नोंदी सांभाळण्याच्या कामाला लावले. नंतरच्या एका पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी लागली. सर गेले. राहिल्या त्या चार फिती.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांवरच्या चिठ्ठ्यांचा डिंक वाळून गेला होता आणि चिठ्ठ्या डबीच्या तळाशी सुट्या पडल्या होत्या. कोणती पहिली, कोणती चौथी, हे सांगायला कोणी उरले नव्हते. संगणकाच्या क्षेत्रात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी या उद्योगात उतरला. फीत वाचणारे त्या जातीचे यंत्र, ते जोडायला लागणारे जुन्या पद्धतीचे कार्ड आणि ते कार्ड बसेल असा जुना संगणक, ही सामग्री जमवण्यात त्याचे काही महिने गेले. पोथी आहे पण ती वाचणारा डोळा नाही, अशी ही स्थिती. लिपी विसरली गेली तर निदान अक्षरे तरी दिसतात. फितीच्या बाबतीत तेवढेही नाही. यंत्र नसेल तर ती नुसती तपकिरी पट्टी.

फिती एकामागून एक लिहिलेल्या असल्या की त्या चार स्वतंत्र वह्या नसतात. एकच अखंड ओघ जिथे फीत संपली तिथे तोडलेला असतो. मग ते वाक्य असो, शब्द असो वा अर्धे अक्षर. त्यामुळे मधल्या फितीला ना आरंभ असतो ना शीर्षक. पण आमच्या मेहुण्यांनी मजकूर आवळण्यासाठी जी आज्ञावली वापरली होती, तिचे नाव बीझिप-२. ज्युलियन सीवर्ड यांनी ती १९९६ साली प्रसिद्ध केली. तिच्या ओघाच्या अगदी आरंभी बी, झेड, एच ही तीन अक्षरे असतात. पुढे मजकुराचे ठोकळे सुरू होतात आणि प्रत्येक ठोकळ्याच्या कपाळावर एकच खूण असते: ३१४१५९२६५३५९. गणिताच्या विद्यार्थ्याला ती ओळखू येईल. तो ‘पाय’ या संख्येचा आरंभ आहे. सगळा ओघ संपला की शेवटी दुसरी खूण येते, ती पायच्या वर्गमूळाची. एवढ्यावरून पहिली फीत आणि शेवटची फीत ओळखता आली. मधल्या दोघींचा क्रम लावण्याचे दोनच पर्याय होते. पहिल्या फितीच्या टोकाला तुटलेला ठोकळा एकदा हिला आणि एकदा तिला जोडून पाहिला. प्रत्येक ठोकळ्याबरोबर त्याच्या बेरजेचा ताळा लिहिलेला असतो. एका जोडणीत ताळा जमला. जुन्या हस्तलिखितांची सुटी पाने लावताना पानाच्या शेवटचा अर्धा शब्द पुढच्या पानाच्या आरंभी शोधतात, त्याच पद्धतीने फितींचा क्रम लागला.

तिसरी फीत मात्र मध्यावर खराब निघाली. यंत्र तिथे येऊन थबकायचे. पुन्हा पुन्हा वाचूनही काही भाग हाती येईना, तेव्हा तो ओलांडून पुढे जावे लागले. इथे आवळण्याच्या कलेविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण माझा मुद्दा तिथेच दडलेला आहे.

मजकूर आवळणे म्हणजे त्यातली पुनरुक्ती काढून टाकणे. सरकारी याद्यांमध्ये ‘वरीलप्रमाणे’ लिहितात किंवा नुसत्या दोन छोट्या रेघा मारतात, तसेच हे. लेंपेल आणि झिव्ह या दोघांनी १९७७ साली मांडलेली पद्धत नेमकी हीच: शब्दसमूह दुसऱ्यांदा आला की तो पुन्हा लिहायचा नाही, ‘इतकी अक्षरे मागे जा आणि इतकी उचल’ एवढीच सूचना ठेवायची. जीझिप ही सर्वत्र वापरली जाणारी आज्ञावली अशी मागे बोट दाखवत चालते. मजकूर आटोपशीर होतो, जागा वाचते. पण यादीचे वरचे पान फाटले, तर खालच्या सगळ्या ‘वरीलप्रमाणे’ निरर्थक होतात. आवळलेल्या ओघात एक जागा बिघडली की बहुतेक वेळा तिथून पुढचे वाचनच खुंटते. म्हणजे तिसरी फीत मध्यावर बिघडली, तर तिचे उरलेले अर्धे अंग आणि चौथी फीत धडधाकट असूनही मुकी झाली असती. मेहुण्यांनी निवडलेली आज्ञावली मजकुराचे जास्तीत जास्त नऊ लाख बाइटचे ठोकळे करते आणि प्रत्येक ठोकळा स्वतंत्र आवळते, म्हणून आम्ही वाचलो. बिघडलेले ठोकळे गेले. पुढची ‘पाय’ची खूण जिथे सापडली तिथून वाचन पुन्हा सुरू झाले. सुट्या फायलींची मोट बांधणारी ‘टार’ नावाची आज्ञावली तर नावानेच फितीची. १९७९ पासून ती प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ५१२ बाइटचे शीर्ष ठेवत आली आहे. ती शीर्षे शोधत पुढच्या फायलीही सुट्या करता आल्या.

नऊ लाख बाइट म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रणात सुमारे दहा सेकंद. हा हिशेब विद्यार्थ्याने सहज करून दाखवला आणि मी गप्प झाले. एक ठोकळा गेला म्हणजे कोणाच्या तरी तोंडचे दहा सेकंद गेले. असे एकूण जवळपास सात मिनिटांचे बोलणे नाहीसे झाले होते.

हे नुकसान कुठे झाले आहे ते पाहण्यासाठी तो भाग ऐकायला बसलो. तिथे एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज होता. त्यांचे गाव पाण्याखाली गेले होते आणि त्या लेकीकडे राहत होत्या. त्यांच्या मुद्रणाचे दोन भाग होते. पहिल्या भागात त्या आणि त्यांची जाऊ जात्यावर बसून ओव्या म्हणतात. दुसऱ्या भागात सर त्यांना बुडालेल्या गावाविषयी विचारतात आणि त्या सांगतात. फितीचा खराब पट्टा या दोन्ही भागांवरून गेला होता.

ओव्यांच्या भागात आधी जात्याची घरघर आणि थोरल्या जावेचा आवाज येतो. मग मध्येच आवाज तुटतो आणि पुढच्याच क्षणी कुठल्या तरी निराळ्या शब्दावर सुरू होतो. मन चरकते. पण जात्यावरची ओवी एकदाच म्हटली जात नाही. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. अर्धी ओळ पुन्हा घ्यायची, मग पुढे जायचे. दगड जड असतो, दळण पुष्कळ असते आणि पहाट लांब असते. हातांच्या फेऱ्यांना धरून ओळीही फेरे घेतात. थोरलीची ओळ तुटलेल्या जागेत पडली, तर धाकटीने उचललेली तीच ओळ पुढे शाबूत मिळे. धाकटीची गेली, तर मागची थोरलीची असे. त्या बैठकीतल्या जवळपास सगळ्या ओव्या अशा जुळवून घेता आल्या.

दुसऱ्या भागाचे असे झाले नाही. सरांनी त्यांना विचारले होते, तुमच्या गावच्या शेतांना नावे होती का? आमच्याकडे प्रत्येक खाचराला, प्रत्येक टेपाडाला नाव असते. सात-बाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण घरात तो कोणी उच्चारत नाही. बाई उत्साहाने सांगू लागतात, पहिली दोन नावे ऐकू येतात आणि आवाज तुटतो. पुन्हा येतो तेव्हा त्या म्हणत असतात की एवढी सगळी होती, आता कोण विचारतंय. सर हसतात. मुद्रण पुढच्या विषयाकडे वळते. नावे एकदाच उच्चारली गेली होती. ती गेली.

त्या क्षणी मला भामहाची यादी आठवली. भय, शोक, हर्ष यांत माणूस शब्द पुन्हा उच्चारतो, कारण एकदा उच्चारून भावनेचे समाधान होत नाही. पण लोकपरंपरेतली पुनरुक्ती केवळ भावनेच्या भरातून येत नाही. ती नाशाची तजवीज आहे. विसर पडणार, आवाज चिरणार, कोणीतरी मध्येच उठून जाणार, मूल रडणार, हे गृहीत धरून केलेली ती बांधणी आहे. वेदपाठकांनी क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ रचले, शब्द उलटसुलट गुंफून पुन्हा पुन्हा म्हटले, ते अर्थाची भर घालण्यासाठी नव्हे. एका ठिकाणी चूक झाली तर दुसऱ्या ठिकाणी ती उघडी पडावी यासाठी. क्लॉड शॅननने १९४८ साली संदेशवहनाचे गणित मांडले, तेव्हा हीच गोष्ट त्याने शास्त्राच्या भाषेत सांगितली: गोंगाटातून संदेश सुखरूप न्यायचा तर त्यात जादा भार ठेवावा लागतो. ज्याला आपण फापटपसारा म्हणतो, तोच आडवेळेचा आधार असतो.

आमच्या तालुक्यांत याची दोन मोठी उदाहरणे डोळ्यांसमोर उभी आहेत. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे. डाव्या भिंतीवर दहा ओळी आणि उजव्या भिंतीवर दहा. मजकूर एका भिंतीवरून दुसरीवर जातो. तोही एका अर्थी दोन फितींवरचा लेख. त्याचे कितीतरी तुकडे झिजून गेले आहेत, सातवाहन कुळातील व्यक्तींच्या मूर्ती तर नाहीशा झाल्या आणि वरची नावे तेवढी राहिली. तरीही कोणते यज्ञ झाले, गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे यांची दाने कशी दिली गेली, हे वाचता येते. कारण लेख आवळलेला नाही. ‘दक्षिणा दिली’ ही वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते, आणि एका ओळीत जे खंडित आहे त्याचा साचा दुसऱ्या ओळीवरून कळतो. राणीच्या लेखनिकाने ‘वरीलप्रमाणे’ लिहिले असते, तर दोन हजार वर्षांनी अभ्यासकांच्या हाती रेघा तेवढ्या उरल्या असत्या.

दुसरे उदाहरण नारायणगावजवळ खोडदचे. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत; एकूण ३०, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. या दुर्बिणीने २००४ साली एनजीसी १८५१ या तारकागुच्छात एक स्पंदक तारा शोधला. तो सेकंदाला सुमारे दोनशे वेळा फिरतो. अशा ताऱ्याचे एकेक स्पंदन बहुतेक वेळा गोंगाटात पार बुडालेले असते. शास्त्रज्ञ काय करतात? नोंदीच्या लांबलचक पट्टीची ताऱ्याच्या फेऱ्याइतकी घडी घालतात आणि हजारो घड्या एकावर एक ठेवून बेरीज करतात. गोंगाट दर खेपेला वेगळा असतो, तो एकमेकांत विरतो. स्पंदन दर खेपेला त्याच जागी येते, ते वर उठते. तारा एकदाच लकाकून थांबला असता, तर तो आपल्याला कधीच ऐकू आला नसता. जात्याच्या फेऱ्यांशी याचे नाते जोडताना मला फार लांब जावे लागत नाही. ओवीही फेऱ्यांच्या घड्या एकावर एक ठेवूनच आम्हाला परत मिळाली.

इथे आपल्या शास्त्राविषयी, म्हणजे लोकसाहित्याच्या संकलनाविषयी, एक प्रश्न उभा राहतो. ओव्यांचे संग्रह छापताना ओळींची आवर्तने गाळण्याची आपली रीत आहे. गळणारच, कागद महाग असतो आणि वाचणारा जाते ओढत नसतो. पण हे गाळणे म्हणजे आवळणेच. आमच्याच फितींवर पहिल्या आठ तासांचे टंकलेखनही होते, आणि त्यात प्रत्येक ओवी एकदाच लिहिलेली आहे. तो मजकूर त्या काळच्या फाँटमध्ये असल्याने आज उघडल्यावर पडद्यावर रोमन चिन्हांचा चिखल दिसला. कोणते चिन्ह म्हणजे कोणता काना, कोणती वेलांटी, याचे कोष्टक लावून तो युनिकोडमध्ये आणला. तिथेही वारंवार येणारे शब्दच कामी आले. ‘बंधू’, ‘माहेर’, ‘पंढरी’ हे शब्द शेकडो वेळा येत होते, म्हणून त्यांची चिन्हे आधी ओळखू आली आणि त्यांच्यावरून बाकीची उकलली.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ते काम आपल्याला ठाऊक आहे. त्यांपैकी काही हजार ओव्यांचे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने झाले आणि पुढे ‘पारी’ने ते लोकांपुढे आणले. ते ऐकताना छापील ओळ आणि गायलेली ओळ यांतला फरक कानाला लगेच कळतो. छापील ओळ म्हणजे ओवीचा सारांश आहे. विद्यार्थ्यांना आपण बहुतेक वेळा सारांशच शिकवतो आणि त्यालाच ओवी म्हणतो.

मी आवळण्याच्या विरोधात नाही. आवळल्याने जागा वाचते, आणि त्या काळी ती वाचवणे भागच होते. सगळेच विस्ताराने सांभाळता येत नाही. कोणत्याही संस्कृतीला ते परवडत नाही. प्रश्न इतकाच आहे की पुनरुक्ती काढून टाकताना आपण नेमके काय काढतो आहोत, याची जाण असावी. शेतांच्या नावांना ओवीत जागा मिळाली असती, तर ती दोन बायकांच्या तोंडी दोन-दोनदा येऊन आज आपल्यापाशी असती. गद्यात एकदा उच्चारलेली माहिती ही सर्वांत नाजूक. आणि विस्थापितांचा इतिहास बहुतेक असाच, कोणीतरी विचारले म्हणून एकदाच सांगितलेला.

त्या बाईंची नात आज आमच्या महाविद्यालयात शिकते. तिला मी ते मुद्रण दिले. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. ओव्या ऐकताना ती काही बोलली नाही. नावांच्या जागी आवाज तुटला तेव्हा तिने ते पुन्हा लावायला सांगितले, मग आणखी एकदा. पुढच्या सुट्टीत तिने ते घरी नेऊन ऐकवले. आजीची धाकटी जाऊ, ओवी उचलून धरणारी, अजून हयात आहे. तिला कमी ऐकू येते. पण आवाज जिथे तुटतो तिथे पोहोचल्यावर तिने, कोणी विचारण्याच्या आधी, पाच नावे सांगितली. सहावे आठवेना. नातीने ती वहीत लिहिली, फोनवर मुद्रित केली आणि मग तिला म्हणाली, “आज्जी, परत एकदा म्हण.”